बर्फ संपलाय

शर्वाणी म्हणाली होती, आई, तू मावशीकडे जा,
दहिसरला, एका रात्रीसाठी.
गेले.
पण बीपीची गोळी फ्रिजवरच्या डब्यात राहिली
आणि साडेनवाला परत आले चारकोपला,
तर माझ्याच दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग,
त्यात एक कोल्हापुरी, फक्त डाव्या पायाची.

आत अंधार केलेला.
दिवाळीची माळ देव्हाऱ्यावरून काढून पडद्याला लावलेली,
देव्हाऱ्यावर माझी शाल.
देवांना दिसू नये म्हणून, की देव दिसू नयेत म्हणून,
विचारायचं राहिलंच.
गोळी घेते, स्वयंपाकघरात बसते, मी म्हटलं.
गाण्यात तिला ऐकू गेलं नसावं.

स्वयंपाकघरातली पार्टी मला पाठ आहे.
ह्यांच्या ऑफिसची माणसं यायची पगाराच्या शनिवारी,
घाटकोपरच्या क्वार्टरमध्ये.
बाहेर पत्ते, आत आम्ही चौघी.
कांदा उभा की गोल,
अंडी उकडायची, मिरपूड टाकायची,
पडद्यातून एक हात यायचा आणि ताटली घेऊन जायचा.
कोणाचा हात, ते घड्याळावरून ओळखायचं.
बाहेर हसू फुटायचं,
आत आम्ही एकमेकींना विचारायचो, काय झालं गं?
अकरा वर्षांत एकदाही कळलं नाही
काय झालं ते.

पहिला आला तन्वीर. आंटी, बर्फ?
एका ट्रेमध्ये मी हिरवी चटणी गोठवते,
त्यातलेही दोन खडे घेऊन गेला अंधारात.
थोड्या वेळाने कोणीतरी किंचाळलं,
मग टाळ्या.

तेव्हा सगळ्यांना कळलं, आत कोणीतरी आहे.

निळ्या केसांची एक मुलगी आली,
ओट्यावर चढून बसली,
जिथे मी कोणाला साधं टेकू दिलेलं नाही.
बाहेर मला कोणी ओळखत नाही, म्हणाली,
इथे भांडी पुसू का?
पुसता पुसता सांगितलं तिने,
नोकरी जाऊन सहा आठवडे झाले,
घरी अजून बोललेली नाही,
रोज डबा घेऊन निघते
आणि एका मॉलच्या मागच्या जिन्यात बसून खाते.
आज तोंडली होती.
मी म्हटलं, तोंडली गार झाल्यावर वाईटच लागतात.
ती म्हणाली, हो ना.

मग पुनर्वसू, सहा फुटी, रडतच आला.
कारण विचारलं नाही,
कांदे दिले चिरायला.
मग त्याला शोधायला त्याचा मित्र,
मित्राला शोधायला एक इव्हान नावाचा,
ज्याला कोणी बोलावलंच नव्हतं म्हणे.
अकरापर्यंत स्वयंपाकघरात नऊ जण
आणि हॉलमध्ये एकटं गाणं.

सव्वाबाराला बेल.
मेस्त्री, सोसायटीचे सेक्रेटरी, लुंगीवर इस्त्रीचा शर्ट,
हातात मोबाइल, ग्रुपवर पाच तक्रारी.
शर्वाणी दारात उभी, इंग्रजीत माफी मागत.
मी पदराला हात पुसत पुढे झाले.
वहिनी, तुम्ही घरात?
तुम्हाला माहीत आहे का इथे काय चाललंय?
पार्टी आहे, म्हटलं.
माझी.

बोलून गेले आणि मीच जरा थांबले.
शर्वाणी माझ्याकडे बघत होती,
लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर बघायची तसं,
फक्त खोटं आज माझं होतं.
मेस्त्री चपला मोजत राहिले,
मग म्हणाले, आवाज तेवढा बघा.
बघितला.
थांबा, म्हटलं, आणि आतून ताटली आणली,
अंडी, मिरपूड, पुनर्वसूचे वेडेवाकडे कांदे.
दाराच्या फटीतून एक हात आला
आणि घेऊन गेला.

पहाटे तीनला कोणीतरी म्हणालं, बर्फ संपलाय.
मी ट्रे नळाखाली धरला.
तीन-चार तास लागतील गोठायला, म्हटलं.

कोणी उठलं नाही.